कुबुसम

विडी घरकुलात आमच्या दोन खोल्या,
एकीत काचेची पेटी,
पेटीत दोरा.
नाव अंबादासनं ठेवलं. पुण्याहून कागदपत्रांसकट आणला,
नारिंगी, पाठीवर लाल ठिपके,
मक्याच्या कणगीतले उंदीर धरणारी विलायती जात म्हणे, विषबिष नाही.
घरात खाणारी तोंडं चार होती, पाचवं आलं.
तरी बरं, हे आठवड्याला एकदाच जेवतं.

पहिल्यांदा डोळे पांढुरले तेव्हा मी घाबरले.
निळसर, गढूळ, ताकाच्या निवळीसारखे.
सासऱ्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा असेच दिसायचे,
मागावर धागा तुटला की बोटांनी शोधायचे.
अंबादास म्हणाला, अम्मा, आंधळा नाही झाला.
जुन्या कातीखाली नवी तयार होतेय,
मधे पाणी सुटतं, तेच डोळ्यावर दिसतं.
दोन-चार दिवसांनी डोळे निवळतील,
मग अजून तीन-चार दिवस, आणि मग.
तोवर उचलू नकोस, भरवू नकोस.
धड दिसत नाही, म्हणून चिडतो.

हे मला समजलं.

कॅलेंडरवर लिहू लागले मी,
दुधाच्या खाड्यांच्या, हजारी विड्यांच्या शेजारी:
डोळे. निवळले. टाकली.
लहान होता तेव्हा महिन्याला,
मोठा झाला तशी दोन महिन्यांनी, कधी अडीच.
पंचांगात ही तारीख नसते.

एप्रिलात सोलापूर त्रेचाळीसवर गेलं.
पत्रे तडतडत होते, माठ दुपारीच अर्धा.
त्या खेपेला कात अखंड निघाली नाही.
कांद्याच्या टरफलासारखे तुकडे,
शेपटीच्या टोकाला एक वळं आवळून बसलेलं,
एका डोळ्यावर जुनी काच तशीच.
अंबादास चिमटा घेऊन बसला. हात थरथरत होता.

मी म्हटलं, ठेव तो.
पान कोरडं असलं की वळताना फुटतं,
आठव्या वर्षापासून माहीत आहे मला.
गोणपाटात ओलं गुंडाळून रात्रभर ठेवायचं,
सकाळी कात्रीखाली मुकाट येतं.
थांब, माझं फडकं आणते.

तुझं नको, अम्मा.
तंबाखू त्याला विष आहे.

मी हात धुतले. साबणानं, तीनदा.
नखांतलं पिवळं गेलं नाही.
ह्यांच्या कारखान्यातला सेकंडचा टॉवेल होता, कोरा,
तो कोमट पाण्यात भिजवून पिळला,
डब्यात अंथरला, झाकणाला भोकं पाडली, आत दोरा.
आम्ही दोघं बाहेर बसलो, बोललो नाही.
तासाभरात टॉवेलच्या खरखरीत फासांनी काम केलं,
डोळ्यावरची चकती त्यांना चिकटून आली,
मसुराच्या सालीएवढी.

तेव्हापासून डोळे पांढुरले की
ओल्या काथ्याचा डबा पेटीत ठेवतो.

परवा रात्री वीज गेलेली, मी जागी होते.
त्यानं विटेवर नाक घासलं, एकदा, पुन्हा, पुन्हा.
ओठापाशी सुटली,
आणि तो स्वतःच्या तोंडातून आल्यासारखा
पुढं पुढं येत गेला,
कात मागं उलटी होत, पायमोज्यासारखी.
कसला आवाज होता तो?
चुलीजवळ कागद सरकावा इतकाच.

सकाळी शेजारची गौरव्वा आली.
आमच्यात कातीला कुबुसम म्हणतात.
ती हसली. तिच्या कानडीत कुबसा म्हणजे चोळी,
लेकीला सातवा लागला, कुबसा आत्ताच झालेला.
नागोबा बाळंत होतो की काय तुमचा?

हे बोलले नाहीत.
माग भंगारात गेल्यापासून सकाळी कमीच बोलतात.
कात उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली,
शिवण शोधत होते, किंवा काठ.
मग टेप आणली. साडेचार फूट.
दोरा जेमतेम चार.
ताणलं जातं, म्हणाले, उतरताना.
आणि घडी घातली, चादरीची घालतात तशी,
कोपऱ्याला कोपरा लावून,
जरी तिला कोपरा नव्हता.