शकू आधी कुठे शोधेल

नेरुळ, सेक्टर एकोणीस, पहिला मजला.
पंखा बंद,
कारण त्याच्या घरघरीत पूर्वेश हरवून जातो.
टेबलावर दोन बाहुल्या, शकू आणि मंदा,
माझ्या आईने जुन्या परकराच्या शिवलेल्या,
एक वेताची टोपली,
एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा
आणि एक निळी गोटी, आत धुराची रेघ असलेली.

प्रत्येक मुलाला त्याच शब्दांत सांगायचं असतं,
त्याच सुरात:
शकूने गोटी टोपलीत ठेवली. शकू बाहेर गेली.
मंदाने गोटी काढली, डब्यात टाकली.
(टण्णकन वाजते. दर वेळी मीच दचकते.)
शकू परत आली.
शकू आधी कुठे शोधेल?

मग गप्प राहायचं. मनात दहापर्यंत मोजायचं.

पूर्वेश शकूकडे बघत नाही,
माझ्याकडेही नाही.
त्याचं बोट डब्याच्या कडेवरून फिरतं,
गंज जिथे सुरू होतो तिथे थांबतं.
सातव्या आकड्याला म्हणतो, "डबा."

शून्य.
रकाना लहान आहे, शून्य त्यात नीट मावतं.
बालवाडीतली मुलं टोपली म्हणतात,
शकूला जे माहीत नाही
ते तिच्यासाठी घटकाभर विसरतात.
पूर्वेश नऊ वर्षांचा.
त्याच्यापुरती गोटी जिथे आहे तिथे आहे.
अहवालात लिहिते, दुसऱ्याची समजूत
आपल्याहून वेगळी असू शकते
हे त्याला उमगलेलं दिसत नाही.
दिसत नाही.
कोणाला, ते लिहायची पद्धत नाही.

दुसरी भेट त्याच्या घरी, दिवाळे गावात.
बेलापूरचे टॉवर पाठीमागे राहिले
आणि खाडीच्या चिखलाचा वास सामोरा आला.
आजोबा, बामादादा, भरती बघून होडी काढतात,
कधी रात्री दोनला, कधी चारला.
दारामागे खिळा आहे, खिळ्याला त्यांची बॅटरी.
"मी झोपताना ती आत चार्जिंगला लावते,"
त्याची आई म्हणाली,
"हा उठतो, काढतो, खिळ्याला नेऊन अडकवतो.
रोज. अर्धी चार्ज झालेली."
बामादादा जाळं पसरून बसलेले,
वर न बघता म्हणाले,
"माजा हात जिथं जातं, तिथंच लावतं तो."

रस्त्यावर येऊन मॅडमना फोन केला.
त्या म्हणाल्या, अगं, वस्तूची जागा बदलली
की या मुलांना चालत नाही. तेवढंच आहे ते.
खिळा आहे, बॅटरी आहे.
यात आजोबा कुठून आणलेस?

असेल.
मी फॉर्मच्या पाठीवर "बॅटरी" लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं, खोडलं,
मग खोडलेलंच गिरवत बसले.
रस्त्यावरून जाणारी एक बाई
कोलंबीची पाटी सावरत माझ्याकडे बघून गेली.
तिला काय वाटलं असेल,
मला अजून सांगता येणार नाही.

आत जाऊन चहा प्यायले. निघाले.
चपला पिंपाशेजारी काढल्या होत्या.
तिथे नव्हत्या.
वाकून पिंपामागे पाहिलं,
पुन्हा त्याच ओल्या जागी पाहिलं,
दोनदा बघितलं की वस्तू परत येते तसं.
चपला भिंतीलगत होत्या.
घरातल्या सगळ्यांच्या एका ओळीत, मापाप्रमाणे,
माझ्या तिसऱ्या,
त्याच्या आईच्या आणि बहिणीच्या मधे.

पूर्वेश उंबऱ्यात उभा.
नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती,
पिंपाशेजारच्या ओलीवर होती,
जिथे माझा हात अजून रेंगाळत होता.
आणि तो म्हणाला,
माझ्याच आवाजात, शेवटी माझ्यासारखाच चढत:
"शकू आधी कुठे शोधेल?"

मग गप्प झाला.
ओठ किंचित हलत होते.
मोजत असावा.