मालकाचं नाव

सिरपूर तलावाच्या पाळीवर, कचऱ्याच्या डब्यामागे
तो उभा होता. मी जवळ गेलो
तरी हलला नाही.
तिथेच कळायला हवं होतं:
रानातलं पाखरू माणूस दिसला की अंतर मोजतं,
यानं माझ्या भाजीच्या पिशवीत डोकं घातलं.

चौकीदार भागीरथ म्हणाला,
"तीन दिन से यहीं है. कार से उतारा, खोका वापस ले गए."
खोकंसुद्धा सोडलं नाही मागे.

हंस म्हटलं की लोकांना सरस्वती आठवते,
मग हात जोडतात, मग शेव टाकतात.
लवंगेची शेव! खारट, जळजळीत.
तहानेनं त्याची चोच मिटत नव्हती.

पंख उघडून पाहिले. कापलेले नव्हते,
पण अंगच उडण्याच्या पलीकडे गेलेलं,
पोटाची घडी जमिनीला टेकत आलेली,
चोचीच्या वर नारिंगी गाठ, सुपारीएवढी.
डाव्या पायात काळा प्लास्टिकचा पट्टा,
वायरींना आवळतात तसला, मांसात रुतलेला.
कुणाचा तरी होता तो.
फार घट्ट कुणाचा तरी.

डॉक्टर सलूजांनी पट्टा कापला, मलम लावलं,
रजिस्टर पुढे सरकवलं.
प्राणी: हंस, पाळीव. लिंग: आवाज चिरका, म्हणजे नर.
मालकाचं नाव.
एकतीस वर्षं विमा कचेरीत मी लोकांचे वारस लिहिले,
एक रकाना कधी रिकामा जाऊ दिला नाही.
मो. ना. हर्डीकर, लोकमान्य नगर. लिहून टाकलं.

नाव ठेवलं सुभेदार.
पोस्टमन, गॅसवाला, शेजारचे गंगवाल,
सगळ्यांवर मान आडवी करून फिसकारायचा.

दूध आणि पाणी वेगळं करता येत नाही त्याला.
एकदा बशी ठेवून पाहिली, खोटं कशाला बोलू;
बशी उलथी करून तो दूर्वांकडे गेला.
त्याला लागतं ते साधं: गवत, भिजवलेले गहू,
मूठभर जाड वाळू. पाव नाही,
पावानं पिलांचे पंख वाकडे वाढतात म्हणे;
हा पिलू नव्हता, तरी नाही.

रात्री मात्र हाका मारायचा.
सलूजा म्हणाले, "अकेला नहीं रहता ये.
जोड़ी लाओ, नहीं तो आईना."
बेसिनवरचा आरसा काढून अंगणात, भिंतीशी टेकवला.
त्याच्याशी तो पहाटेपर्यंत पुटपुटत बसायचा.
मी तेव्हापासून अंदाजानं दाढी करतो,
हनुवटीखाली नेहमी काहीतरी राहतं.

माघात, जुन्या टायरमध्ये अंथरलेल्या भुशावर
अंडं.
पांढरं, माझ्या मुठीत न मावणारं.
एका सकाळी सगळी क्रियापदं बदलावी लागली.
आली, खाते, रुसली.
नाशिकहून बहीण फोनवर हसली,
"तुमच्या इंदुरी मराठीत आधीच लिंगाचा घोळ!"
'सुभेदारीण' म्हणून पाहिलं, मान वळली नाही.
सुभेदार म्हटलं की येते. राहू दे.

टॉर्चवर धरून पाहिलं मी ते अंडं, ती पाण्यात असताना.
आत एकही शीर नाही. नुसता उजेड.
चोरासारखं परत ठेवलं.
आरशातली बसली होती का स्वतःच्या अंड्यावर,
हे तिनं पाहिलं असेल; मला कोनातून दिसत नाही.

राऊला जगदीश पाटीदाराच्या शेतावर सात हंस आहेत,
तळं आहे, कुंपण आहे.
"सोमवारी घेऊन या कधीही," म्हणाला.
रजिस्टरात नाव खोडता येतं, मी विचारून ठेवलंय.

आज सोमवार. तिसरा.
ती अंड्यावर आहे, उठवायचं कसं?
मी टब धुतोय.
पाणी नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं.
बोटांनी मोजतो. चार बोटं,
आणखी दोन.