एक ठोका, दोन वाटा

भुसावळच्या यार्डात
सुपडू तायडे चाकं वाजवून बघायचे.
लांब दांड्याचा हातोडा, एकेक ठोका.
खणखणीत वाजलं तर गाडी पुढे,
बद्द वाजलं तर खडूची फुली.

मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
"कान लाव भो रुयाले," मला म्हणाले,
"चटका बसीन. बसू दे."
मग चालत गेले
अंगठ्याएवढे होईस्तोवर.

हातोडा खाली आला
तसं लोखंडानं लगेच सांगितलं.
हातोडा परत खांद्यावर गेला,
त्यांनी कपाळ पुसलं,
तेव्हा कुठे तोच ठोका
हवेतून रमतगमत
माझ्या दुसऱ्या कानाशी आला.

"एकच मारला?"
"एकच. वाटा दोन."

हवा तिथून इथे येत नाही, म्हणाले.
शंटिंग बघतो ना?
इंजिनाचा धक्का थेट गार्डाच्या डब्यापर्यंत,
डबा मात्र हातभर हलतो नि जागच्या जागी.
लोखंडात डबे घट्ट जोडलेले,
हवेत सैल.
तापली की तीही जरा पाय उचलते,
म्हणून भुसावळात
उन्हाळ्याची हाक थोडी लवकर पोचते.
थोडीच.

यार्डानंच त्यांचे कान नेले.

आता संध्याकाळी
हातोड्याचा दांडा दातांत धरतात,
दुसरं टोक टेकवतात बडजीला.
झेलाबाई भरताची वांगी ठेचत असतात.
लाकडातून लोखंडात, दांड्यात,
दातांतून जबड्यात, तिथून आत.

चार ठोके ऐकतात.
दांडा तोंडातून काढतात.
"बद्द वाजून राह्यलं," म्हणतात,
"मनगट दुखतं ना?
दे इकडे."