सहा ते आठ

वर्षभर मी प्रार्थना केली न्यागोंद्वेसाठी.
म्हणजे, तिचं नाव घेतलं.
यादीत सातवं. पाचव्या नावावरच
माझे डोळे जड व्हायचे,
तिच्या वाट्याला यायचं
'प्रभू, तिलाही सांभाळ',
दारातूनच मूठभर पीठ घालावं
तसं एक वाक्य.

बाहेर मलावीच्या तळ्यावर दिवे असायचे,
बोटभर उसिपा माशांना भुलवणारे,
आणि मला वाटायचं,
दिसतंय की देवाला सगळं,
मी आणखी काय दाखवू?

तिने माझं उसनं नेलेलं जाळं
फाटकं परत केलं होतं, दोन पावसाळ्यांपूर्वी.
त्याला ठाऊक होतं ते.
मी सांगितलं नव्हतं.

परवा वाळवणापाशी
ती माशांवरच्या माश्या हाकत होती.
माझ्या तोंडून निसटलं,
'तुझ्यासाठी काय मागू?'

बराच वेळ ती हाकतच राहिली.
मग म्हणाली, 'मुलगा परत येऊ दे, असं मागू नकोस.
मंडळीत सगळे तेच मागतात.
जोहान्सबर्गला त्याचं दुसरं घर झालंय.
मला संध्याकाळी सहा ते आठ
काय करावं कळत नाही, बघ.
रोज दोन माणसांचं न्सिमा शिजतं हातून.
तेवढं माग.'

सहा ते आठ.
इतकं लहान मागणं
मी देवापुढे कधी नेलं नव्हतं.
रात्री गुडघे टेकले
तर आधी जाळंच आडवं आलं.
मग त्याचंच बोलले. तेवीस भोकं,
मोजून ठेवलेली.
त्यात बराच वेळ गेला.
चटईचे वळ गुडघ्यांवर उठले.

शेवटी म्हटलं, प्रभू, सहा ते आठ.
आमेनसाठी तोंड उघडलं
आणि नजर गेली चुलीकडे,
माझ्या एकटीच्या पातेल्याकडे.
आमेन राहूनच गेलं.

आज सव्वासहाला मी तिच्या अंगणात बसलेय.
न्सिमा जरा घट्ट झालंय,
पाल्याच्या भाजीत मीठ कमी.
बोलणं फारसं नाही.
ती मधेच विचारते, 'मागितलंस का?'
'मागतेच आहे अजून,' मी म्हणते,
आणि आणखी एक घास मोडते.

तळ्यावर पहिला दिवा हलतो.
वही घरी राहिलीय.
आठवं नाव कुणाचं, ते आठवतं;
त्याला काय हवंय, ते नाही.
उद्या जाऊन विचारायला हवं.