भाव

सगळा मिळून खर्च एकोणीस हजार डॉलर.
त्यात कोरिनच्या बापाचा पिकअप ट्रक गेला,
तिची दाढ किडकी ती किडकीच राहिली,
आणि माझ्या मेहनतान्यापोटी
तेवीस दिवस, दोन्ही वेळ, पाप्रिका घातलेलं सॉसेज.

मी एरवी गाड्यांचे सायलेन्सर बसवतो,
टोलेडोत, नदीच्या पूर्वेला.
रजा काढून माइक धरला.
लांब दांडी, टोकाला करडं केसाळ बोंडूक,
आणि हुकूम एकच: दिसायचं नाही.

गोष्ट साधी.
बायको गेल्यावर एक म्हातारा घरातलं सगळं
गॅरेजसमोर मांडून विकायला बसतो.
मुलगी दर शनिवारी कुणातरी अनोळखी माणसाच्या हाती पैसे देऊन
आईच्या वस्तू विकत आणवते.
म्हातारा खूश. गिऱ्हाईक वाढलं म्हणून भाव चढवतो.
कोरिन म्हणायची, लोक आधी हसतील, मग गप्प होतील.

म्हातारा म्हणजे तिचा मामा, टिबोर.
चौतीस वर्षं काचेच्या कारखान्यात.
संवाद पाठ करणं त्याला कमीपणाचं वाटे.
सतराव्या दिवशी वाडग्याचा सीन.
‘चार डॉलर’ म्हणायचं आणि देऊन टाकायचं, बस.
वाडगा त्याच्याच फडताळातला, इलोनाचा.
दुसरा आणायला बजेट नव्हतं.

टिबोर म्हणाला, चार.
मग म्हणाला, चाळीस.
मग वाडगा उलटा करून, बुडाकडे बघत,
हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटला, इतकं हळू
की माझ्या हेडफोनलाही पुरेना.
मी वाकलो. दांडी वाकली.
बोंडूक चौकटीत उतरलं,
त्याच्या टोपीपासून वीतभर वर.

दुसरा टेक? टिबोरनं खुर्ची घडी केली, वाडगा काखेत मारला
आणि तो घरी गेला.

महोत्सव डोंगरात होता. मंगळवार, सकाळी साडेनऊ.
प्रेक्षक सदतीस, त्यातले सहा आम्हीच.
अंत्यविधीच्या विनोदाला कुणी ओठ हलवला नाही.
वाडगा आला, बोंडूक उतरलं,
आणि खसखस पिकली.
अंधारात कोरिननं माझा गुडघा दाबला.
धीर द्यायला की चिमटा काढायला, अजून विचारलेलं नाही.
एका समीक्षकानं अडीच तारे दिले. लिहिलं,
सगळ्यात भाव खाऊन गेला तो वरून उतरलेला माइक.
विकत घ्यायला कुणी आलं नाही.

मग फेब्रुवारीत आमच्याच चर्चच्या तळघरात,
शिवून जोडलेल्या दोन चादरींवर.
प्रवेश फुकट, दाराशी कॉफीचा डबा, वाटलं तर टाका.
गॅरेजसमोरच्या टेबलावर कॅमेरा फिरला
आणि मागून कुणीतरी ओरडलं,
‘अगं, ती माझी इस्त्री!’
‘दोन डॉलरला? मला नाही दिलीस दोन डॉलरला!’
मग अर्धा तास नुसता कालवा.
वस्तू सगळ्या याच गल्लीतून मागून आणलेल्या,
आणि काही आम्ही परत करायच्या विसरलो होतो.
कोरिन हातांत तोंड लपवून हसत होती, दुखऱ्या दाढेनं, एका बाजूनं.

वाडगा आला.
मी जिन्याकडे सरकलो.
बोंडूक उतरलं, चादरीवर चांगलं टोपलीएवढं दिसलं.
कुणाचं तरी श्रवणयंत्र शिट्टी वाजवत होतं, तेवढंच.
पुढच्या रांगेतल्या तीन बायकांचे हात तोंडाशी गेले.
टिबोर स्वतः आलाच नव्हता.
त्याच्या घरी म्हणे टीव्ही बरा दिसतो.

डब्यात एकशे बारा डॉलर निघाले आणि एक कोटाचं बटण.
दाढ काढायला पुरले.

खुर्च्या उचलताना मी युहास बाईंना विचारलं,
काय म्हणाला तो?
त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली.
‘भाव सांगितला. दुसरं काय सांगणार?’
आणि दिवे मालवायला गेल्या.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तो तुकडा लावतो.
भाषा मला येत नाही, कोरिनलाही नाही.
पण आवाज स्वच्छ आलाय.
खरखर नाही, वारा नाही.
कुणालाही ऐकवा.