बलक

पावणेसहाला दिवाण भिंतीला लागतो,
टीपॉय बाल्कनीत जातं
आणि लॅपटॉपमधला तो दंडांचा माणूस
ओरडून विचारतो, तयार?
मी तयार नसते.
मी त्रेचाळीस वर्षांची, सहकारनगर, दुसरा मजला,
रक्तात साखर नुकतीच दारापर्यंत आलेली,
आत यावं की नाही अशी चपला न काढता उभी.

साठ दिवसांचा कार्यक्रम आहे.
उड्या. हात जमिनीला, पाय मागे, पाय पुढे, परत उडी.
गुडघ्यात कुणीतरी खडीसाखर फोडतं.
खालचे देवस्थळी काठीने छत ठोकतात,
ठक ठक ठक,
मी शेवटच्या दहा त्यांच्याच ठेक्यावर काढते.

फ्रिजवर तक्ता:
अर्धी भाकरी, वाफवलेला दुधी,
मूठभर शेंगदाणे (मूठ कुणाची ते लिहिलेलं नाही)
आणि चार अंडी, फक्त पांढरं.
आमच्या घरात अंडं साखरेचं बोट धरून आलं.
त्याचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, डावी शेगडी त्याची.
श्रीरंग काही म्हणत नाही,
पेपर जरा उंच धरतो.

चार पांढरे मी मिरपूड लावून चावते, खोडरबरासारखे.
वाटीत उरतात चार पिवळे.
गोल, कोमट, काहीच गुन्हा नसलेले.

तीन दिवस ओल्या कचऱ्यात गेले.
चौथ्या दिवशी बादली न्यायला वॉचमनचा व्यंकट आला,
वाकून बघत म्हणाला,
मॅडम, हे टाकून द्यायलाव का?

व्यंकट अहमदपूरकडचा, एकोणीस वर्षांचा.
पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधे जोर मारतो,
पहाटे तळजाईचा चढ पळत जातो.
पोलीस भरती.
उंची बसते, पळणं बसतं,
छाती बसत नाही.
एकोणऐंशी हवी, फुगवून वर पाच.
त्याची सत्त्याहत्तर.

तेव्हापासून चार बलक स्टीलच्या डब्यातून
रोज जिना उतरतात.
आणि दर रविवारी माझ्या शिवणाच्या डब्यातला टेप,
आधी माझ्या कमरेभोवती,
मग खाली, धोंडिबाच्या हातून पोराच्या छातीभोवती.
मी पोट आत ओढते, तो ऊर फुगवतो,
दोघंही थोडं खोटं बोलतो.
टेपला ते जमत नाही.

महिन्याभरात माझे चार सेंटिमीटर गेले,
त्याला एक मिळाला.
मधले तीन
जिन्यात कुठे सांडले असतील?
मी खरंच एकदा झाडताना पाहिलं.

सेहेचाळिसाव्या दिवशी शिवाजीनगरच्या ग्राउंडवर
साडेअठ्ठ्याहत्तर.
मोजणाऱ्याने टेप दुसऱ्यांदा लावला नाही,
मागे रांग बरीच होती.

संध्याकाळी त्याने डबा परत आणून दिला, घासलेला.
मला काही सुचेना.
त्यालाच सुचलं:
तुमचे किती दिवस राहिले, मॅडम?
चौदा, म्हणाले,
आणि आकडा तोंडात रबरासारखा फिरत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी आठ अंडी उकडते.
चार अख्खी खाली जातात.
माझ्या चारांतला एक बलक मी ओट्यापाशी उभ्याने खाते,
तक्त्याकडे पाठ करून.

साठाव्या दिवशी लॅपटॉपमधला माणूस म्हणाला, जिंकलीस.
तो सगळ्यांनाच म्हणतो.
साखर दारातून दोन पावलं मागे गेली आहे,
गेलेली नाही.

धोंडिबाला खोकला लागलाय, म्हणून हल्ली
रात्रपाळी व्यंकट करतो,
बापाचा निळा शर्ट घालून,
खिशावर एजन्सीचं नाव.
सकाळी तो जिन्याखाली झोपतो
म्हणून मी उड्या मारताना पाय हळू टेकवते.
देवस्थळींची काठी गप्प आहे.

काल म्हटलं, शर्ट छातीत फार ढगळ होतोय तुला,
आण इकडे, दोन शिवणी आत घेऊन देते.
त्याने समोरचं कापड चिमटीत धरून पाहिलं.
नको मॅडम, म्हणाला,
ऱ्हाऊ द्या. भरंल.