न

सावरटोल्याच्या शाळेचं कुलूप
पुण्याकडच्या शाळांपेक्षा पंधरा दिवस उशिरा उघडतं.
आधी गोडेतेलाचे दोन थेंब, मग किल्ली,
मग खांद्यानं एक धक्का.

पहिलीच्या पहिल्या आठवड्यात मी काही शिकवत नाही,
असं केंद्रप्रमुखांना वाटतं.
तीन दिवस नुसत्या चपला काढणं चाललंय.
व्हरांड्यात खडूनं आखलीत सात जोड्या पावलं,
ज्यानं त्यानं आपापल्या पावलांवर ठेवायच्या.
दसरू अनवाणी येतो.
आपल्या रिकाम्या पावलांवर क्षणभर स्वतःच उभा राहतो,
मग आत येतो.

मग हजेरी.
"हजर" हा शब्द कुणाच्याच घरात नसतो.
बिरजू म्हणतो, "हाव जी."
झुनकी नाव ऐकलं की
तिसरीतल्या बहिणीच्या पाठीमागे जाते,
आणि बहीणच सांगते, "आहे जी ते."

करंगळी वर, म्हणजे बाहेर जाऊन यायचं.
हे शिकवलं, तर सगळ्यांनीच केली वर.
सागापर्यंत रांगेनं जाऊन आली.
कुणालाच लागलेली नव्हती.

दहा चिंचोके मोजायला दिले की नऊ भरतात.
दहावा सुकरामच्या गालात.

नदीची रेती चाळून ताटात पसरली आहे.
त्यात एक बोट. उभी रेघ, आडवी रेघ,
अर्धा गोल. हलवलं ताट की पुसलं सगळं.
पाटीपेक्षा हे बरं, चुकीचं ओझं राहत नाही.

आणि चित्रांचा तक्ता.
रैनीसमोर धरला, कुत्र्यावर बोट ठेवलं.
हे काय?
"नय."
नाही कसं? बघ, शेपूट. बघ, कान.
"नय."
नको का तुला? दुसरं विचारू?
ती तक्त्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती,
कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघावं तशी.
तिसऱ्यांदा ओठ रुंद करून, सावकाश,
सांगितलं तिनं मला:
"न... य."

मी वहीत लिहिलं,
रैनी उसेंडी. प्रतिसाद देत नाही.

खिचडीतला उलथणा हातात घेऊनच
सोमारीबाई दारात आली, हसत.
"बराबर तं सांगते पोरगी, मॅडमजी.
नय म्हंजे कुत्रा.
नाही म्हनाचा असता तं
हिल्ले म्हनली असती."
बाहेर गंज चाटायला मिळेल म्हणून बसलेला तो
आपलं नाव ऐकून उठून उभा राहिला.

अकोल्याहून आले त्याला सहा वर्षं झाली.
सहा पहिल्या.
त्या रात्री झोप येईना, तेव्हा
जुन्या पटावरची नावं आठवत बसले,
कुणी कुणी मला बरोबर उत्तर दिलं असेल
आणि मी "बरं, राहू दे" म्हणाले असेन.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर न.
पुस्तकात तो नळाचा आहे.
टोल्यात नळ नाही, हापशी आहे,
तिच्यातून येतं ते एर,
एवढं तरी मला येतं.
मी नळाच्या शेजारी कुत्रा काढला.
पोरं कुजबुजली. तो शेळीसारखा झाला होता.
रैनी उठली, खडू मागितला नाही, घेतला,
आणि शेपूट वर वळवून दिलं त्याला.
मग ताटात बोटं. एक गाठ, आडवी रेघ, उभा दांडा.
न, न, न, रेती सांडेपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीआधी
तिनं तक्ता स्वतःकडे ओढला,
मांजरावर बोट ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.
मला येत नव्हतं.
सगळा वर्ग गप्प.
दसरू गुडघ्यांवर सरकत
हळूच माझ्या कानाशी आला.